स्पोर्ट्स कारमध्ये लपवलेला सबवूफर: बॉक्सपासून ट्यूनिंगपर्यंत

दोन सीटच्या गाडीत डिकी गमवायची नसेल, तर १० इंची शॅलो (कमी खोलीचा) सबवूफर, म्हणजे खोल बास देणारा स्पीकर, आणि डिकीच्या कोपऱ्यात बसणारा सीलबंद बॉक्स घ्या. अशा बहुतेक सबना (सबवूफरना) ०.५ घनफूट, म्हणजे साधारण १४ लिटर हवा पुरते. नेमका आकडा कंपनीच्या कागदावर पाहा आणि सबने व्यापलेली जागा त्यात वेगळी धरा. पोर्टेड (हवेसाठी भोक ठेवलेल्या) बॉक्सला जागा जास्त लागते, शिवाय सीलबंद बॉक्सचा बास आटोपशीर राहतो.

बॉक्ससाठी १८ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) वापरा, पण आतून-बाहेरून रेझिनचे दोन हात द्या. बेळगाव-खानापूरकडच्या पावसाळ्यात रेझिन न दिलेलं एमडीएफ फुगतं, सांधे सुटतात, हवा गळते आणि बास पोकळ होतो. कोनसमोर (सबच्या हलणाऱ्या पडद्यासमोर) किमान २५ मिमी मोकळी जागा ठेवा. वर जाळी आणि हवा सहज जाऊ देणारं कापड लावा, जाड कार्पेट नको.

सबला ताकद देणाऱ्या ५०० वॉट आरएमएस (सतत मिळणारी ताकद) अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, ४ गेजची शुद्ध तांब्याची वायर आणि बॅटरीपासून ४५ सेमीच्या आत ६० अँपिअरचा फ्यूज. अँपची अर्थिंग वायर अर्ध्या मीटरच्या आत, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्ट करा. घरघर येते ती बहुतेक इथूनच. आरसीए (स्टिरिओकडून अँपला सिग्नल नेणारी) वायर पॉवर वायरच्या विरुद्ध बाजूने न्या.

अँपचा लो-पास (फक्त खालचे सूर सबकडे जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवून फेज (सबचा आवाज बाकी स्पीकरशी जुळवणारी सेटिंग) ० आणि १८० दोन्ही ऐका. बास भरीव वाटेल तो ठेवा. गेन (अँप सिग्नल किती वाढवतो ती सेटिंग) शेवटी वाढवा. चोर्ला घाटातल्या खडबडीत रस्त्यावर खडखडलं, तर आधी नंबरप्लेटमागे फोम लावा.