बेलापूरच्या शिपिंग ऑफिसात जाण्याआधी नून रिपोर्ट वाचायला शिका

इंजिनीअरिंग कॉलेजातले प्राध्यापक माझ्याकडे नेरुळला येतात, ते बहुधा एकच विनंती घेऊन: ‘सर, एखादी शिपिंग कंपनी संशोधनासाठी डेटा देईल का?’ जहाजावरचा चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झालोय, ओळखी आहेत. पण ओळखीवर चहा मिळतो. डेटा हवा तर प्रश्न नेमका लागतो.

‘एआय वापरून हरित जहाजवाहतूक’ हा प्रश्न नव्हे. हा बघा: न्हावा शेव्याला बर्थ (धक्क्यावरची जागा) रिकामा नसताना जहाज जोरात येतं आणि अँकरेजवर, म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकून, ताटकळतं; वेग आधीच उतरवला असता तर किती तेल वाचलं असतं? इंजिनाला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनात बदलते. वेग 10 टक्के कमी केला, तर प्रवास लांबूनही तेवढ्याच अंतराला सुमारे 19 टक्के तेल कमी लागतं. शिवाय 2023 पासून 5,000 ग्रॉस टन आणि त्यावरच्या मालवाहू जहाजांना सीआयआयची, म्हणजे वाहतुकीच्या मानाने कार्बन किती सोडला याच्या मापाची, ए ते ई श्रेणी मिळते. नांगरावर जनरेटर तेल खातो, अंतर मात्र शून्य, श्रेणी घसरते. हे ऐकलं की कंपनीवाले खुर्ची पुढे ओढतात.

भेटायचं टेक्निकल सुपरिंटेंडंटला (किनाऱ्यावरून जहाजाची देखभाल बघणारा), एचआरला नाही. त्याचं जहाज ड्राय डॉकमध्ये (पाण्याबाहेर काढून दुरुस्तीला) असेल तेव्हा फोनही करू नका. मागणी लहान ठेवा: एक जहाज, दोन ड्राय डॉकमधला काळ, त्याचे नून रिपोर्ट, म्हणजे जहाज रोज दुपारी अंतर, वेग, तेलाचा खप कळवतं त्या नोंदी. युरोपात जाणाऱ्या जहाजांचे वार्षिक उत्सर्जनाचे आकडे थेटिस-एमआरव्ही या युरोपीय संघाच्या वेबसाइटवर खुले आहेत. त्यावर विद्यार्थ्याचं थोडं काम आधीच झालेलं असेल, तर बोलणं सोपं जातं.

रिपोर्ट हातात आले की खरी मेहनत सुरू होते. दुपार ते दुपार म्हणजे 24 तास, असं धरू नका. पूर्वेला जाताना घड्याळ पुढे करतात, तो दिवस 23 तासांचा. पश्चिमेला 25 चा. जमिनीच्या तुलनेत वेग आणि पाण्याच्या तुलनेत वेग (प्रवाहामुळे दोन्ही वेगळे) यांची गल्लत सर्रास होते. आणि आम्ही चीफ मंडळी अडीनडीला थोडं तेल हिशेबाबाहेर राखतो; ते वापरलं की एखाद्या दिवशी खप अचानक ‘सुधारतो’. अंतर एआयएसवरून, म्हणजे जहाज आपोआप प्रसारित करतं त्या ठिकाणाच्या नोंदींवरून, पडताळा. खपासाठी फ्लो मीटरच्या (इंजिनाला जाणारं तेल मोजणाऱ्या यंत्राच्या) नोंदी मागा.

करार छोटा करा, पण जहाजाचं नाव आणि आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) झाकायचा हे लिहून घ्या. कंपनी शोधनिबंध आधी वाचेल, मात्र ठरलेल्या मुदतीत. नाहीतर पोराची पीएचडी लटकते. जहाजावरची भाषा समजणारा जोडीदार लागला, तर करावेला टी. एस. चाणक्य आहे, इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचा नवी मुंबई कॅम्पस.

पहिला आलेख कॉन्फरन्सआधी त्या सुपरिंटेंडंटलाच दाखवा. एखाद्या विचित्र ठिपक्यावर बोट ठेवून तो सांगेल, ‘त्या दिवशी आम्ही सुएझच्या रांगेत होतो.’ तो ठिपका ठेवायचा की काढायचा, ते मग ठरवा.