कणकुंबी-जांबोटीच्या पावसात टिकणारे सौर उपकरण: सेल आणि पॅनेल यांचा मेळ

विहिरीची पाणीपातळी, शेतातील ओल किंवा पाऊस मोजणारे छोटे उपकरण तयार करणारे अनेक हौशी तरुण आता बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात दिसतात. घरातील टेबलावर ते उपकरण उत्तम चालते. खरी परीक्षा होते ती बांधावर, जिथे विजेचे बटण नसते. खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत, जुलै महिन्यात कित्येक दिवस सूर्य दिसत नाही. म्हणून उपकरणाचे गणित मार्चच्या उन्हावर न मांडता जुलैच्या अंधारावर मांडावे, हे माझे पहिले सांगणे आहे.

माझे पहिले पर्जन्यमापक भाताच्या लावणीच्या दिवसांत पंधरवड्याच्या आतच बंद पडले. मोठे पॅनेल आणावे असे तेव्हा वाटले, परंतु सेलच्या धन टोकाच्या वायरीत मल्टिमीटर जोडून पाहिले तेव्हा कारण निराळेच निघाले: ईएसपी३२ ही वायफाय असलेली नियंत्रक चिप ‘डीप स्लीप’मध्ये, म्हणजे गाढ झोपेत, असतानाही तिचा बोर्ड ८ मिलिअँपिअर ओढत होता. चिप स्वतः त्या अवस्थेत जेमतेम १० मायक्रोअँपिअर घेते. उरलेला प्रवाह बोर्डावरील यूएसबी चिप, लाल दिवा आणि चिपला ३.३ व्होल्टचा स्थिर दाब देणारा एएमएस१११७ हा रेग्युलेटर खात होते.

याचा हिशेब मांडून पाहू. उपकरण दर १५ मिनिटांनी जागे होऊन ८ सेकंद चालते आणि त्या वेळी सरासरी १०० मिलिअँपिअर घेते असे धरले, तर दिवसातील ९६ फेऱ्यांना सुमारे २१ मिलिअँपिअर-तास लागतात. झोपेत ८ मिलिअँपिअर जात असतील तर त्यात आणखी १९२ मिलिअँपिअर-तासांची भर पडते. तोच प्रवाह ५० मायक्रोअँपिअरवर आणला, तर ही भर सव्वा मिलिअँपिअर-तासाहूनही कमी होते. २५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलपैकी २००० वापरण्याजोगे धरल्यास पहिले उपकरण उन्हाशिवाय नऊ दिवस चालेल, तर दुसरे जवळजवळ तीन महिने. म्हणून पॅनेल विकत घेण्याआधी झोपेतील प्रवाह मोजावा. प्रोग्राम टाकून झाल्यावर यूएसबी चिपची गरज उरत नाही, म्हणून शेतात नेण्यासाठी तयार बोर्डाऐवजी ईएसपी३२ चे सुटे मॉड्यूल वापरावे.

रेग्युलेटर बदलण्याला आणखी एक कारण आहे. एएमएस१११७ ला ३.३ व्होल्ट देण्यासाठी त्याहून सुमारे एक व्होल्ट जास्त दाब आत यावा लागतो, आणि लिथियम-आयन सेल तर बहुतेक काळ ३.७ व्होल्टच्या आसपास असतो. परिणामी सेलमध्ये निम्मी ऊर्जा शिल्लक असतानाच वायफाय सुरू होताना बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो. कमी दाबफरकावर चालणारा आणि किमान ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा रेग्युलेटर घ्यावा आणि त्याच्या बाहेर पडणाऱ्या बाजूला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. एमसीपी१७०० हा रेग्युलेटर स्वतः फार कमी वीज घेतो, पण त्याची मर्यादा २५० मिलिअँपिअर असल्यामुळे वायफायच्या झटक्यांना तो अपुरा पडतो.

सेल १८६५० आकाराचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब घ्यावा. या आकारात चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत असते. ९९०० असे छापलेला सेल खोटा आहे, तो घेऊ नये. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल २ व्होल्टच्या खाली गेला असेल, तर त्याला पुन्हा चार्ज करण्याचा मोह टाळावा. धन टोकाजवळचे प्लास्टिकचे वेष्टन अवश्य तपासावे, कारण टोपीच्या अगदी कडेपर्यंत आलेला धातूचा भाग ऋण असतो आणि वेष्टन तिथे फाटले असेल तर एका वायरीच्या स्पर्शाने शॉर्ट होऊ शकतो. सेलवर थेट सोल्डर करू नये, होल्डर वापरावा.

चार्जिंगसाठी टीपी४०५६ या चार्जिंग चिपचे, संरक्षण चिपही असलेले मॉड्यूल पुरेसे आहे. ते सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरते, मात्र त्याला ८ व्होल्टपेक्षा जास्त दाब सोसत नाही; म्हणून ६ व्होल्टचे पॅनेल घ्यावे आणि काहीही न जोडता भर उन्हात त्याचा दाब मोजून पाहावा. मॉड्यूलवर ‘१२२’ असे छापलेला १.२ किलोओहमचा बारीक रेझिस्टर असतो आणि त्यामुळे चार्जिंगचा प्रवाह १ अँपिअरवर बेतलेला असतो. २ वॅटचे पॅनेल फार तर ३३० मिलिअँपिअर देते, म्हणून त्या जागी ३.९ किलोओहमचा रेझिस्टर लावावा. प्रवाह सुमारे ३०० मिलिअँपिअरवर येतो आणि पॅनेलवर अवाजवी ओढ पडत नाही. सेल उलटा बसवला तर मॉड्यूल जळते, तेव्हा बसवण्यापूर्वी होल्डरवर लाल खूण करावी.

संरक्षण चिप सेलला सुमारे २.४ व्होल्टवर तोडते. सेलच्या आयुष्याच्या दृष्टीने ही सीमा फार खालची आहे, म्हणून प्रोग्राममध्येच दाब वाचून ३.५ व्होल्टखाली फेऱ्या तासाला एक कराव्यात आणि ३.३ व्होल्टखाली वायफाय अजिबात सुरू करू नये.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १५ ते २० अंश कलते ठेवावे. बेळगाव साधारण १५.८ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे पावसाळ्यासाठी कल वाढवण्यात काही लाभ नाही, फक्त पाणी आणि शेवाळ वाहून जाण्याइतका तो असावा. फणसाची किंवा आंब्याची सावली मात्र कुठल्याही कोनाने भरून निघत नाही.

पेटी पॅनेलच्या मागे सावलीत टांगावी, कारण एप्रिलमध्ये उन्हातील बंद पेटी सहज ४५ अंशांच्या वर तापते आणि त्या तापमानात लिथियम-आयन सेल चार्ज करू नये. वायरी पेटीच्या तळातून, केबल ग्लँड, म्हणजे वायरीभोवती घट्ट बसणारे बूच, लावून आत घ्याव्यात आणि बाहेर त्यांना खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी त्या झोळाच्या तळाशीच गळून पडते. भोक उघडे राहिले तर मुंग्या आत घर करतात.

शेतात नेण्यापूर्वी पॅनेलवर पोते टाकून उपकरण आठवडाभर घरीच चालवावे आणि रोज सकाळी त्याच वेळी सेलचा दाब वहीत लिहावा. आठ दिवसांत तो एक दशांश व्होल्टहून जास्त उतरला, तर झोपेतील प्रवाह पुन्हा मोजावा.