स्टेलारिसचं ४.० येतंय, त्याच्या आधी या चुका टाळा

स्टेलारिस म्हणजे अंतराळात आपलं साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम. त्याचं आत्ताचं व्हर्जन ३.१४, आणि हे मी २०२५ च्या मे महिन्यात ४.० यायच्या आधी लिहितोय. गेल्या पंधरा दिवसांत सात-आठ जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय, "दादा, ४.० आल्यावर माझा चालू गेम राहील ना?" नाही राहणार. हे पहिल्याच ओळीत सांगतो कारण पुढचं काहीही वाचलं नाही तरी एवढं तरी डोक्यात राहू दे. ३.१४ मध्ये सुरू केलेला गेम ३.१४ मध्येच संपवायचा, नाहीतर ३.१४ वरच ठेवून द्यायचा.

५ मे २०२५ ला, सोमवारी, हे अपडेट येतंय, फिनिक्स नाव दिलंय त्याला, आणि त्याच दिवशी बायोजेनेसिस डीएलसी, म्हणजे गेमला वेगळी विकत घ्यायची भर. हे नेहमीसारखं चार बग मारले आणि दोन आकडे बदलले असलं अपडेट नाही. आतापर्यंत लोकसंख्येतला प्रत्येक पॉप, म्हणजे लोकसंख्येचा एक नग, वेगळा मोजला जायचा, त्याला कुठला जॉब द्यायचा ते गेम एकेकाचं बघत बसायचा, म्हणून तर गेममधल्या शेवटच्या शंभर वर्षांत आपले लॅपटॉप रडायला लागतात. आता पॉपचे गट होणार, जुना एक पॉप म्हणजे नवे १००. ट्रेड आता साधा रिसोर्स होणार, मिनरल-एनर्जीसारखा साठवता येईल असा, म्हणजे ट्रेड रूट आणि त्यावरचे चाचे गेले. प्लॅनेटची स्क्रीनसुद्धा नवी, डिस्ट्रिक्टच्या आत झोन. एवढं सगळं हललंय म्हटल्यावर जुना सेव्ह, म्हणजे अर्ध्यावर साठवून ठेवलेला गेम, त्यात बसणार कसा?

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: जुना सेव्ह नव्या व्हर्जनमध्ये "बघू तरी" म्हणून उघडणं

यावर मी जास्त बोलणार आहे कारण यात मी स्वतः पोळलोय.

२०१८ साल, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दिवाळीच्या सुट्टीत एक गेम सुरू केला होता, आयर्नमॅनवर, म्हणजे एकच सेव्ह, तोच पुन्हा पुन्हा वर लिहिला जातो, मागं जायची सोय नाही. महिनाभर रोज रात्री जेवण झालं की तोच. ६ डिसेंबरला २.२ आलं. आधी प्लॅनेटवर टाइल असायच्या, एका टाइलवर एक पॉप आणि एक बिल्डिंग, २.२ नं त्या टाइलच काढून टाकल्या आणि डिस्ट्रिक्ट, जॉब असं सगळं नवं आणलं. मला हे माहीत होतं, वाचलेलं होतं. पण कॉलेजवरून आलो, स्टीमनं, म्हणजे ज्यातून गेम घेतो आणि चालवतो त्या ॲपनं, अपडेट उतरवून ठेवलेलं, आणि हात गेलाच. सेव्ह उघडला. प्लॅनेट उघडला तर निम्मे लोक बेरोजगार, अन्न महिन्याला उणे, ज्या जगाला मी चाळीस वर्षं घडवलं तिथं नुसता गोंधळ. म्हटलं जाऊ दे, जुन्या व्हर्जनवर जाऊ. स्टीमच्या बीटाच्या यादीतून, तिथं जुनी व्हर्जनं मिळतात, २.१ घेतलं, रात्री दीडला डाउनलोड संपलं, सेव्हवर क्लिक केलं आणि तो उघडंना. कारण मी आत होतो त्या दहा मिनिटांत गेमनं ऑटोसेव्ह केला होता, फाइल आता २.२ नं लिहिलेली होती, २.१ ला ती वाचताच येत नव्हती. स्टीमच्या क्लाऊडवरची, म्हणजे इंटरनेटवर ठेवलेली प्रत? क्लाऊडनं नवीच फाइल वर चढवली होती. त्याचं कामच ते.

घरी काकांचे दोन यंत्रमाग होते, चादरीचे. दुसऱ्या दिवशी त्यांना काय झालं ते सांगितलं, गेम काय असतो हे त्यांना कळायचं कारण नव्हतं पण एवढं ऐकून ते म्हणाले, अरे चादर मागावर निम्मी असताना जॅकार्डचे पुठ्ठे बदलतात होय? निम्म्या चादरीवर मोर आणि निम्म्यावर दुसरंच काहीतरी येईल, ती ना विकता येणार ना पांघरता येणार. आधी चालू चादर उतरवायची, मग पुठ्ठे बदलायचे. बरोबर तेच. आपला सेव्ह म्हणजे मागावरची निम्मी चादर आणि अपडेट म्हणजे नवे पुठ्ठे.

तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अपडेट्स, तिथं "मी गेम चालू करेन तेव्हाच अपडेट कर" असं ठेवतो. पूर्ण बंद करायची सोय तिथं नाही, म्हणून ५ तारखेनंतर सेव्हची प्रत निघाल्याशिवाय प्लेवर बोटच लावायचं नाही. प्रत कुठली काढायची? डॉक्युमेंट्समध्ये पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह, त्यात स्टेलारिस, त्यात सेव्ह गेम्स, ते आख्खं फोल्डर उचलायचं. आणि इथं लई जण फसतात: सेव्ह क्लाऊडवर असेल तर तो या फोल्डरमध्ये नसतोच, तो स्टीमच्या यूजरडेटा फोल्डरमध्ये २८१९९० नंबरच्या फोल्डरात असतो, तिथूनही उचला. दोन्ही पेनड्राइव्हवर. त्याच कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर ठेवलेल्या प्रतीला मी प्रत मानत नाही.

मग ३.१४ खेळायचं असेल तर बीटाच्या टॅबमधून ३.१४ निवडायचं आणि तिथंच राहायचं, गेम संपेपर्यंत. अपडेट कुठं पळून जात नाही ओ. पहिल्या दिवशी खेळलं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही, ही घाई मला कधीच कळलेली नाही.

चूक दुसरी: मॉड जसे आहेत तसे ठेवून अपडेट घेणं

मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये घातलेले बदल. दर मोठ्या अपडेटनंतर आमच्या ग्रुपवर तेच फोटो येतात. काळी स्क्रीन, बटणं गायब, प्लॅनेटची खिडकी निम्मी, खाली "गेम बिघडलाय, रिफंड मागू का". बे, गेम नाही बिघडला. तुझे बासष्ट मॉड जुन्या प्लॅनेट स्क्रीनवर लिहिलेत आणि ती स्क्रीनच आता नाही.

मॉड बनवणारी माणसं हे फुकट करतात, रात्री जागून, आणि त्यांनाही नवं व्हर्जन समजून घ्यायला वेळ लागतो. गिगास्ट्रक्चरल इंजिनिअरिंग असो की प्लॅनेटरी डायव्हर्सिटी, एवढे मोठे मॉड नव्या पॉपवर आणायचे म्हणजे काय खेळ आहे का. त्यांच्या कॉमेंटमध्ये ५ मेच्या संध्याकाळी "अपडेट कधी" लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही.

माझी सवय अशी की लाँचरमध्ये एक नवा प्लेसेट, म्हणजे चालू मॉडची यादी, करायचा, नाव "कोरा", त्यात एकही मॉड नाही. अपडेटनंतरचा पहिला गेम कोऱ्यावर. पंधरा-वीस दिवसांनी ज्या मॉडच्या पानावर ४.० लिहिलेलं दिसेल तो एक घ्यायचा, खेळायचं, मग दुसरा. एकदम वीस टिक केले आणि क्रॅश झालं तर कुठल्यामुळं झालं ते शोधण्यात रविवार जातो. आणि उलटी गोष्ट पण लक्षात ठेवा, तुम्ही ३.१४ वर थांबलात तरी वर्कशॉपचे, म्हणजे स्टीमवरून उतरवलेले मॉड आपोआप ४.० चे होऊन बसतात, म्हणजे जुना गेम नव्या मॉडमुळं फुटतो. हे मला गेल्या वेळी कळलं, तेव्हापासून ज्या मॉडवर चालू गेम उभा आहे त्यांची फोल्डरं पण पेनड्राइव्हवर घेतो.

मागं एका रविवारी आम्ही चौघं मल्टिप्लेअरला बसणार होतो, एक जण होटगी रोडला, दोघं जुळे सोलापूरला, एक पुण्यात नोकरीला. सगळे चार वाजता तयार, शेंगा चटणी आणि कडक भाकरी घेऊन बसलेले, आणि चेकसम जुळंना. चेकसम म्हणजे चौघांच्या गेमच्या फाइली सारख्या आहेत का याची खूण, एकाची जरी वेगळी असली की एकत्र खेळता येत नाही. पावणेसहापर्यंत आम्ही प्रत्येकाला "मॉड बंद केलेस का" विचारत होतो आणि प्रत्येक जण हो म्हणत होता. शेवटी सापडलं, पुण्यातल्यानं दोन वर्षांपूर्वी गेमच्या मूळ फोल्डरात हातानं एक फाइल बदललेली, कुणीतरी सांगितलेला शॉर्टकट म्हणून, इन्फ्लुएन्स जास्त मिळावा असा. त्याला स्वतःला आठवतही नव्हतं. स्टीममधून फाइल व्हेरिफाय करायला लावली, दहा मिनिटांत जुळलं. पण तोवर एकाच्या घरी पाहुणे आले आणि खेळ राहिला. गेमच्या फोल्डरात हात घालायचा नाही, कधीच नाही, ज्याला काही बदलायचंय त्यानं मॉड करावा, तेवढ्यासाठीच ती सोय आहे.

बाकीच्या, थोडक्यात

४.० फुकट आहे, बायोजेनेसिस विकत. दोन्ही एकच समजून लोक पैसे भरतात. अपडेट सगळ्यांना मिळणार, आधी त्यावर एक गेम खेळा, आवडलं तर डीएलसी घ्या.

जुने बिल्ड व्हिडिओ, म्हणजे कसं खेळायचं याचे तयार आराखडे, बघून सुरुवात करू नका. त्यातले आकडे एका पॉपच्या हिशोबाचे आहेत, ट्रेडबद्दल सांगितलेलं तर सगळंच गेलं. नव्या मुलांना हे पटत नाही, त्यांना पहिल्या तासात "बेस्ट बिल्ड" पाहिजे असतो. गेम पॉज करून टूलटिप, म्हणजे माउस ठेवला की दिसणारी माहिती, वाचा की. स्पेस दाबला की वेळ थांबतो, थांबलेल्या वेळात सगळं वाचता येतं, मी २.२ असंच शिकलो, गेममधली पहिली दहा वर्षं खेळायला मला अख्खी संध्याकाळ लागली आणि त्या संध्याकाळच्या जोरावर मी पुढं तीन वर्षं खेळलो.

पहिला गेम आयर्नमॅनवर नको.

पहिला गेम १००० ताऱ्यांचा पण नको. २०० नाहीतर ४०० चा घ्या, शेजारी कमी ठेवा. परफॉर्मन्स सुधारणार म्हणतायत, सुधारेलही, पण ते तुमच्या मशीनवर किती ते गेममधल्या २३०० सालापर्यंत खेळल्याशिवाय कळत नाही, आणि लहान गॅलक्सीत ते दोन-तीन दिवसांत कळतं.

क्रॅश झालं की लगेच कुणाला शिव्या घालत बसू नका. कोरा प्लेसेट, फाइल व्हेरिफाय, आणि तरीही झालं तर स्टेलारिसच्या त्याच डॉक्युमेंट्सच्या फोल्डरात लॉग्ज आहे, त्यातली एरर लॉग उघडून शेवटच्या ओळी वाचा. निम्म्या वेळा तिथं मॉडचं नावच लिहिलेलं असतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपडेट लावू नका, दिवसाचा डेटा मध्येच संपतो आणि रात्री बारापर्यंत गेम ना जुना ना नवा. डिस्कवर जागा पण आधीच करून ठेवा.

आणि हे फक्त आपल्याकडचं

मे महिन्यातलं सोलापूर. दुपारी पारा चाळीसच्या वर, गादीवर लॅपटॉप ठेवून खेळणारे लोक मला म्हणतात नवं व्हर्जन स्लो आहे. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, त्याचा व्हर्जनशी काही संबंध नाही. खाली सपाट फळी, मागची हवा मोकळी, आणि दुपारी बारा ते पाच मी खेळतच नाही. तुलना करायची तर जुनं आणि नवं दोन्ही रात्रीच्या एकाच वेळेला चालवून करा.

दुसरं म्हणजे लाईट. डेस्कटॉपवाल्यांनो, यूपीएसची बॅटरी आत्ताच बदला, संध्याकाळी वारं सुटलं, चार थेंब आले की लाईट जाते, आणि ती नेमकी सेव्ह लिहिताना गेली की फाइल अर्धवट राहते. फाइल नीट आहे का हे बघायची एक साधी रीत आहे: सेव्हची फाइल ही खरं तर झिप असते. तिची एक प्रत काढा, प्रतीच्या नावाला शेवटी झिप लावा आणि उघडा. आत मेटा आणि गेमस्टेट अशा दोन फाइली निघाल्या तर ठीक. झिप उघडतच नसेल तर तो सेव्ह गेला, त्याच्या आधीचा घ्या. मेटा नोटपॅडमध्ये उघडली तर सेव्ह कुठल्या व्हर्जननं लिहिलाय ते पण दिसतं. ज्यांना "हा जुना आहे की नवा" कळत नाही त्यांनी तिथं बघावं, मला फोटो पाठवू नये.

माझा स्वतःचा गेम आत्ता २३८७ सालात आहे. पश्चिमेकडच्या तीन सिस्टिम घ्यायच्या राहिल्यात आणि शेजारच्याशी सलोखा आहे तो मोडायचा की नाही हे ठरत नाहीये. शनिवार-रविवार दोन्ही रात्री बसणार आहे. रविवारी रात्रीपर्यंत संपला तर उत्तम, नाही संपला तर पेनड्राइव्ह कपाटात जाईल, वर कागदाची चिठ्ठी, "३.१४, २३८७", आणि सोमवारी मी कोऱ्या प्लेसेटवर २२०० सालापासून सुरू करेन.