पक्षाच्या मंचावर गायचं नसेल तर विसार घेण्याआधी हे बघा

सोलापुरात ऑर्केस्ट्रा, भक्तिसंध्या किंवा लग्नातल्या संगीताची कामं नव्याने घेऊ लागलेल्यांसाठी हे आहे. गाणी कशी लावायची, साऊंड चेकला काय बघायचं ते तुम्हाला येतंच. कुठल्याच पक्षाच्या मंचावर गायचं नाही असं तुम्ही ठरवलं असेल, तर ते का ठरवलं हे कुणाला पटवत बसू नका. ते पाळायचं कसं, हाच खरा अवघड भाग आहे.

पहिली गोष्ट, पक्षाचा कार्यक्रम पक्षाच्या नावाने येत नाही. फोन येतो प्रतिष्ठानचा, मित्रमंडळाचा, नाहीतर ओळखीच्या साऊंडवाल्याचा. दिवाळी पहाट आहे. बायकांसाठी हळदीकुंकू आणि खेळ आहेत. मालकांचा वाढदिवस आहे, घरगुतीच. ‘ओ सर, जमवा की!’ तारीख मोकळी असते, फोनपेवर दहा हजारांचा विसार पडतो आणि सगळे फसतात ते नेमके इथेच. फ्लेक्स आदल्या रात्री छापून येतो. मागच्या पडद्यावरचं चिन्ह दिसतं ते थेट साऊंड चेकला, तेव्हा ऑक्टोपॅड स्टँडवर चढलेला असतो आणि टेम्पो निघून गेलेला असतो.

निवडणुकीच्या तोंडावर असे ‘घरगुती’ वाढदिवस एकदम का वाढतात? विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे 40 लाखांची खर्चमर्यादा आहे आणि निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं ठेवावं लागतं. प्रचारातला मंडप, साऊंड, कलाकारांचं मानधन त्याच हिशेबात येतं. मंडळाच्या नावावर बुकिंग झालं की तो आकडा बाहेर राहतो. म्हणून उमेदवाराच्या खात्यातून पैसे येणार नाहीत, कोणीतरी तिसराच रोख आणून देईल, असं कोणी म्हणालं की तारीख देऊच नका.

आता कायद्याचं थोडं सविस्तर, कारण हेच कोणी सांगत नाही. विसार घेतला की करार झाला. कोर्ट तुम्हाला जबरदस्तीने गायला लावत नाही. गाणं तुमच्या व्यक्तिगत कौशल्यावरचं काम आहे आणि अशा कराराची सक्तीने अंमलबजावणी होत नाही. पण भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 खाली समोरचा नुकसानभरपाई मागू शकतो. तुम्ही म्हणाल, त्यांनी पक्षाचं नाव लपवलं. कलम 17 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे नुसतं गप्प राहणं ही सहसा फसवणूक धरली जात नाही. तुम्ही विचारलं आणि त्यांनी खोटं सांगितलं, तर मात्र कलम 19 मुळे करार रद्द करायचा हक्क तुमच्याकडे येतो. सगळा फरक या विचारण्यात आहे. फोनवर विचारून उपयोग नाही, लेखी विचारायचं.

तारीख देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं पाठवा: ‘कार्यक्रमाचे आयोजक व पैसे देणारे कोण ते कळवावे. मंच, फ्लेक्स, पत्रिका यांवर पक्षाचे नाव किंवा चिन्ह नसेल, मंचावरून पाठिंब्याची घोषणा होणार नाही, कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग प्रचारासाठी वापरले जाणार नाही. यातले काही बदलल्यास कार्यक्रम रद्द करून विसार परत केला जाईल. मान्य असल्यास “मान्य” असे लिहून पाठवावे, त्यानंतरच विसार पाठवावा.’ उत्तर येण्याआधी पैसे आले तर त्याच दिवशी, त्याच खात्यावर, पूर्ण परत करा. थोडे दिवस ठेवून बघू, असं करू नका. पैसे ठेवणं म्हणजे होकारच समजतात, आणि बाजारात ‘विसार खाऊन पळाला’ ही ओळख एकदा पडली की तुमचं तत्त्व कोणी ऐकून घेत नाही.

आजारी असल्याचं सांगून सुटायचा सल्ला खूप जण देतात. फालतू सल्ला आहे. साऊंडवाले, निवेदक, ढोलकीवाले सगळीकडे तेच ते. घसा बसलेला माणूस संध्याकाळी बार्शीत गातोय हे रात्रीपर्यंत स्टेटसवर दिसतं. ‘पक्षाचे कार्यक्रम मी घेत नाही, कोणाचेच नाही’ एवढं एक वाक्य पुरतं. त्यातलं ‘कोणाचेच नाही’ खरं असलं पाहिजे. एकाला नाही आणि दुसऱ्याला हो म्हटलंत, तर तुम्ही दुसऱ्याचे झालात.

पण रेषा फार ताणू नका. नेत्याचा फोटो दिसला की नाही म्हणायचं ठरवलंत, तर गणपती, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती, सगळंच गेलं. मंडळ म्हटलं की कोणाचा ना कोणाचा फोटो असतोच. चिन्ह, पैशाचा उगम आणि प्रचाराची भाषणं, या तीन गोष्टींवर नकार ठेवा. बाकी सोडून द्या. काम मिळत राहतं. लग्नं, बारशी आहेत, अक्कलकोटची भक्तिगीतं आहेत. पूर्व भागात तेलुगू आणि हद्दवाढ भागात कन्नड गाणी मागतात; दोन्हीकडची दहा-दहा गाणी बसवून ठेवलीत तर निवडणुकीचे महिने निघतात.

मंचावरची एक गोष्ट बारकाईने सांगायला हवी. सत्काराला शाल-श्रीफळ ठरलेलं असतं आणि ऐनवेळी ताटात पक्षाचं उपरणं येतं. देणारा उपरणं दोन्ही हातांनी उघडून तुमच्या डोक्याच्या उंचीवर धरतो. नमस्कारासाठी मान वाकवली की ते गळ्यात पडलंच, आणि फोटोवाला त्याच क्षणाची वाट बघत असतो. मान ताठ ठेवून दोन्ही तळवे पुढे करा, उपरणं हातात घ्या, घडी करून श्रीफळाखाली धरा. अपमान कोणाचाच होत नाही. निवेदकाला आधीच सांगून ठेवा, त्याला यातलं सगळं कळतं.

साथीदारांचं मात्र जड जातं. तुमच्या नकाराने कीबोर्ड आणि ढोलकीवाल्याची त्या दिवसाची बिदागी बुडते, आणि त्यांनी कसली शपथ घेतलेली नसते. तारीख द्यायच्या आधी त्यांना विचारा. विसार घेतल्यावर रद्द करायची वेळ आली, तर निम्मी बिदागी खिशातून द्यायची तयारी ठेवा. त्यांना तिथे दुसऱ्या गायकाबरोबर वाजवायचं असेल तर वाजवू द्या, तोंड वाकडं करू नका.

गुरुजी म्हणतील, कलाकाराला सगळे सारखे. त्यांचं नाव झालेलं आहे, तुमचं व्हायचंय. ऐकून घ्या आणि आपलं करा. कोणी किशोरकुमारांचा दाखला देईल. आणीबाणीत, 1976 मध्ये, त्यांनी सरकारी प्रचाराला नकार दिला आणि आकाशवाणी-दूरदर्शनवर त्यांची गाणी बंद झाली. खरंय, पण त्यांच्यापुढे सिनेमाचं माइक होतं. तुम्हाला दोन-तीन महिने कामं कमी येतील, एवढं धरून चाला. त्यापलीकडे सहसा काही होत नाही, घाबरू नका.

आणि पक्षासाठी गाणं मुळातच वाईट असंही नाही. बार्शीचे शाहीर अमर शेख कम्युनिस्ट म्हणून उघडपणे गायले, ते स्वतःच्या मताचं गाणं होतं. तुम्हाला एखाद्या पक्षाचं खरंच पटत असेल, तर बिनधास्त नाव लावून गा. नकार आहे तो भाड्याच्या पाठिंब्याला.

जिल्हा परिषदेत शिक्षक किंवा सरकारी नोकरीत असाल तर काम सोपं आहे. जिल्हा परिषद सेवकांचे 1967 चे आणि सरकारी नोकरांचे 1979 चे वर्तणूक नियम राजकारणात भाग घेऊ देत नाहीत, तेवढं सांगितलं की पुरे. नोकरीत नसलेल्यांनी ही सबब उसनी घेऊ नये.

निकाल लागला की ज्याला नाही म्हटलं तोच माणूस भाचीच्या हळदीसाठी फोन करतो. तारीख मोकळी असेल तर द्या, नेहमीच्याच दराने. मेसेज मात्र तोच पाठवा.