अंघोळ दोन वेळा, तरी खाज जात नाही? या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीतून मी दोन गोष्टी घेऊन बाहेर पडलो: बी.कॉम.ची डिग्री आणि जांघेतलं गजकर्ण. डिग्रीचा पुढे फारसा उपयोग झाला नाही. गजकर्णाने मात्र चार वर्षं साथ दिली.

चौघांची खोली, खिडकीपासून दारापर्यंत नायलॉनची एकच दोरी. जुलै-ऑगस्टात चौघांचे कपडे त्या दोरीवर. अंडरवेअर सकाळी हाताला वाळल्यासारखी लागायची. अंगात चढवल्यावर कळायचं, इलास्टिकची पट्टी अजून दमट आहे. अंघोळ मात्र आम्ही दोन वेळा करायचो, त्यामुळे आपल्या स्वच्छतेबद्दल कुणालाच शंका नव्हती.

पहिली चूक हीच. गजकर्ण, म्हणजे नायटा, ही बुरशी आहे आणि तिला घाणीपेक्षा ओल जास्त मानवते. अंघोळीनंतर जांघा, काखा आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या नीट टिपल्या नाहीत, तर दिवसातून तीनदा अंघोळ करूनही काही होत नाही. खाजतंय म्हणून खसाखसा साबण घासणं, जंतुनाशकाचं पाणी ओतणं याने कातडी सोलवटते आणि बुरशीला आत शिरायला वाट मिळते. टॉवेल स्वतःचा, वेगळा. पावसाळ्यात आतले कपडे इस्त्री करून घाला. आमच्याकडे यावर हसतात, हसू देत.

दुसरी चूक जास्त महागात पडते. मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणायचं. मिळते ती बहुतेकदा मिसळीसारखी असते: बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि वर स्टिरॉइड. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, आपण खूश. स्टिरॉइडने त्वचेची तक्रार तेवढी बंद केलेली असते, बुरशी खाली आरामात पसरते. ट्यूब थांबवली की चकंदळ पहिल्यापेक्षा मोठं होऊन परत येतं. महिनोन् महिने लावलं तर जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे उमटतात. खोक्यावर क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं काही दिसलं तर ते स्टिरॉइड. 2018 साली सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. मला त्यानंतरही कुणी चिठ्ठी मागितली नाही, हा भाग वेगळा.

डॉक्टरांनी दिलेलं औषध दिसायला बरं वाटलं की सोडून देणं, हे त्याच चुकीचं धाकटं भावंड. डाग गेल्यावरही सांगितलेले आठवडे पुरे करायचे, मलम डागाच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं आणि घरात ज्याला ज्याला खाज आहे त्याचा उपचार एकदमच करायचा. भारतात आता टर्बिनाफिनला, म्हणजे गजकर्णावरच्या नेहमीच्या औषधाला, दाद न देणारी बुरशीही आहे. अर्धवट उपचार परवडणारे नाहीत.

सगळी खाज गजकर्णाची नसते. रात्री अंथरुणात वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या आहेत, घरात दोघातिघांना आहे, तर ती खरूज. ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ हे वाक्य कोथरूडच्या थ्री बीएचकेतही ऐकलंय. खरजेच्या किड्याला पत्ता वाचता येत नाही. औषध फक्त खाजेच्या जागी लावू नका. मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी, एकाच रात्री. साधारण आठवड्याने पुन्हा एकदा. चादरी, कपडे गरम पाण्यात धुवायचे. यानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, कारण किडे मेले तरी त्यांची ॲलर्जी लगेच ओसरत नाही. म्हणून घाबरून रोज औषध चोपडायचं नाही. उवांचंही तसंच: लिखा फुटायला आठवडा-दहा दिवस लागतात, दुसरा हात मारला नाही तर पहिला वाया.

हातांचं काय? जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा आपण सगळे पाणी उकळायला लागलो, आणि ते बरोबरच होतं. पण रुग्णांच्या तपासणीत सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू कच्च्या कोंबडीतही असतो. चिकन नळाखाली धुताना त्याचे शिंतोडे ओट्यावर, कोथिंबिरीवर, सगळीकडे उडतात. ते धुऊ नका, नीट शिजवा आणि नंतर हात साबणाने वीस सेकंद चोळा. सॅनिटायझर मळलेल्या, तेलकट हातावर फारसा चालत नाही. मिसळ खाऊन बोटं पँटला पुसणाऱ्यांना मी काय सांगणार?

हिरड्यांतून रक्त आलं की लोक तिथे ब्रश फिरवणं बंद करतात. उलट आहे: तिथे थर साचलाय म्हणूनच रक्त येतंय. मऊ ब्रशने हलकं, दोन वेळा घासा, आठवड्यात थांबलं नाही तर दाताच्या डॉक्टरकडे जा. डायबिटीस असेल तर आठवडाही थांबू नका. कानात बड घालणं सोडा, मळ आत ढकलला जातो.

माझं गजकर्ण शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्यावर गेलं. त्यांनी आधी विचारलं, काय काय लावलंत? आठवेना. तुम्ही जाल तेव्हा घरातल्या सगळ्या अर्धवट ट्यूबा पिशवीत घालून न्या. दुसऱ्या खेपेला मी पाच नेल्या; त्यांनी एकेक उलटी करून वाचली आणि तीन टेबलाखालच्या डब्यात टाकल्या.