एक सर्व्हर बंद पडला की साइट मिनिटभर लटकते: एनजिनएक्समधला उपाय

पुढे रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून, म्हणजे आलेल्या रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरकडे पोचवायला, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे दोन ॲप सर्व्हर. त्यातलं एक मशीन बंद पडलं की दुसरं धडधाकट असूनही जवळपास दर दुसरी रिक्वेस्ट मिनिटभर अडकायची.

कारण 'प्रॉक्सी_कनेक्ट_टाइमआउट', म्हणजे मागच्या सर्व्हरशी कनेक्शन जुळायची वाट किती वेळ बघायची ती मुदत. त्याचं डिफॉल्ट ६० सेकंद आहे. नुसतं ॲप बंद असेल तर मशीन कनेक्शन लगेच नाकारतं आणि रिक्वेस्ट दुसरीकडे वळते. मशीनच गायब असेल तर उत्तर कोणी देत नाही, एनजिनएक्स वाट बघत बसतं. वर 'फेल_टाइमआउट' (अपयशी सर्व्हर किती वेळ बाजूला ठेवायचा) डिफॉल्टने फक्त १० सेकंद, म्हणजे मेलेल्या सर्व्हरला पुन्हा पुन्हा विचारणं चालूच.

सर्व्हर एकाच नेटवर्कात असतील तर कनेक्टसाठी २ सेकंद पुष्कळ झाले. अपस्ट्रीममधल्या (मागच्या सर्व्हरच्या यादीतल्या) प्रत्येक सर्व्हरपुढे 'मॅक्स_फेल्स=३ फेल_टाइमआउट=३०एस' लिहायचं, म्हणजे ३० सेकंदांत तीनदा अपयश आलं की तो सर्व्हर ३० सेकंद बाद. अपस्ट्रीममध्ये 'झोन' (एनजिनएक्सच्या सगळ्या वर्कर प्रक्रियांची सामायिक मेमरी) मात्र विसरू नका, ६४के पुरतं. ते नसेल तर प्रत्येक वर्कर स्वतःपुरतं अपयश मोजतो आणि एकाने बाद केलेला सर्व्हर बाकीचे वापरत राहतात. मग 'एनजिनएक्स -टी' ने कॉन्फिग तपासायचं, आणि चूक नसेल तर रीलोड.

'प्रॉक्सी_रीड_टाइमआउट' (जोडल्यावर उत्तराची वाट किती बघायची) मात्र उगाच कमी करू नये, जड रिपोर्ट अर्ध्यात तुटतात. शिवाय पोस्ट रिक्वेस्ट (ऑर्डरसारखा डेटा पाठवणारी) एकदा मागे पोचली की एनजिनएक्स ती डिफॉल्टने दुसऱ्या सर्व्हरला पाठवत नाही. ते बरंच आहे, नाहीतर एकच ऑर्डर दोनदा नोंदेल.

चाचणी घेताना ॲप थांबवून काही कळत नाही. फायरवॉलमध्ये ॲपचा पोर्ट 'ड्रॉप' करा (काहीच उत्तर जात नाही), 'रिजेक्ट' (लगेच नकार) नको. लॉगमध्ये 'अपस्ट्रीम_ॲडर' (रिक्वेस्ट मागच्या कुठल्या सर्व्हरला गेली तो पत्ता) घातलं असेल तर वळवलेल्या रिक्वेस्टपुढे स्वल्पविराम देऊन दोन्ही पत्ते दिसतात.