शिबिरात पहिल्यांदा दुभाषी होताय? मग ‘उपेक्षे’ची गोष्ट आधी ऐका

बोधगयेच्या आंतरराष्ट्रीय बौद्ध शिबिराला जाणाऱ्या आमच्या जथ्यासाठी विहारात पुन्हा दुभाषी शोधणं सुरू झालंय. महिन्याभरात तीन पोरींनी मला एकच प्रश्न विचारला, ‘ताई, माझं इंग्रजी बरं आहे, जमेल का?’ जमेल. पण इंग्रजी बरं आहे म्हणून नाही. माझं एम.ए. इंग्रजीतलंच होतं, आणि तरी तिसऱ्या संध्याकाळी मी सोलापूरच्या साठ-सत्तर बायकांसमोर अशी तोंडावर आपटले की आजही आठवलं तर कानशिलं तापतात.

शिबिर कसं असतं, अष्टशील (शिबिरापुरते पाळायचे आठ नियम) कधी घ्यायचं, पांढऱ्या साड्या किती न्यायच्या हे तुम्हाला माहीत आहे, ते सांगत बसत नाही. आमचा जथा ६ डिसेंबर उलटल्यावरच निघतो. सोलापुरातल्या मिलिंदनगरच्या प्रेरणाभूमीवर बाबासाहेबांच्या अस्थींना वंदन केल्याशिवाय आमच्या बायका गाव सोडत नाहीत. त्यामुळे पोचतो तेव्हा उत्तरेत धुकं असतं आणि गाडी हमखास लेट. कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरा जास्तच घ्या. चादर घरचीच न्या, तिथली थंडी सोलापूरच्या माणसाला झेपत नाही.

आता कामाचं. तिथे एका मंडपात थायलंड, श्रीलंका, म्यानमार, व्हिएतनाम, युरोप असे सगळीकडचे लोक असतात. प्रवचन इंग्रजीत होतं. वक्ता तीन-चार वाक्यं बोलून थांबतो, मग प्रत्येक भाषेचा दुभाषी आपापल्या घोळक्याला सांगतो. थांबतो म्हणजे थांबायला हवा. रंगात आला की दहा वाक्यं बोलून जातो, आणि तुमच्या वहीत तीन शब्द व एक बाण एवढंच उरलेलं असतं. घाबरू नका, सगळ्यांचं होतं. हात वर करून थांबवा, कुणी रागावत नाही. मी पहिले दोन दिवस लाजेखातर थांबवलं नाही आणि गाळलेल्या जागा मनानं भरल्या. ते वाईट काम होतं. सरळ सांगते, ती अप्रामाणिकपणाची सुरुवात असते.

सामूहिक वंदनेतही एकदा दचकाल. पाली तीच, पण थाई तोंडात ‘बुद्धं’चं ‘फुत्थंग’ होतं आणि म्यानमारचे लोक ‘स’चा ‘थ’ करतात. आमच्या बायका पहिल्या दिवशी एकमेकींकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी म्यानमारच्या एका उपासिकेशेजारी बसलेल्या, आमच्या जथ्यातल्या एका आजींनी मला ओढून नेलं. ‘हिला सांग, १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे चंद्रमणी भन्ते हिच्याच मुलखातले.’ मी सांगितलं. त्या बाईनं आजींचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तेव्हा मला वाटलं, आपल्याला हे काम येतं. ती हवा तिसऱ्या संध्याकाळी उतरली.

विषय होता चार ब्रह्मविहार, म्हणजे सगळ्यांविषयी मनात वाढवायच्या चार भावना. मेत्ता (मैत्री), करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) छान गेले. चौथ्याला वक्त्या भिक्खुणी इंग्रजीत ‘इक्वॅनिमिटी’ म्हणाल्या. माझ्याकडे यादी होती. एका ज्येष्ठ दुभाष्यांनी मोबाईलवर पाठवलेली, तीनशे शब्दांची, इंग्रजी डावीकडे आणि मराठी उजवीकडे. मी ती पाठ केली होती. इक्वॅनिमिटी, उपेक्षा. मी ठणठणीत आवाजात सांगितलं, ‘चौथी भावना आहे उपेक्षेची. आपण सर्व प्राणिमात्रांविषयी उपेक्षा बाळगावी.’

मागून त्याच आजींचा आवाज आला, ‘उपेक्षाच करायची हुती तर एवढ्या लांब कशाला आणलीस गं बाय? ती तर गावात फुकाट मिळत हुती की.’

काहीजणी हसल्या. भिक्खुणींना वाटलं आपण काही गमतीचं बोललो, त्याही हसल्या. पण पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या नाहीत. त्यांचे चेहरे मिटल्यासारखे झाले. उपेक्षित हा शब्द ज्यांनी जन्मभर अंगावर वागवला, त्यांना मी बुद्धाच्या नावानं सांगत होते की उपेक्षा करा. उरलेला अर्धा तास मी तो शब्द टाळत, चाचरत कसाबसा ओढला.

आता या सापळ्यावर जरा जास्तच बोलणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. यादी चूक नव्हती. पालीतल्या उपेक्खाचं संस्कृत रूप उपेक्षा हेच आहे. धम्मात त्याचा अर्थ सुखानं हुरळू नये, दुःखानं कोसळू नये असं समतोल मन. मराठीत तोच शब्द ‘कुणी विचारत नाही’ या अर्थाला जाऊन बसलाय. शब्दाचा चेहरा तोच आणि आत माणूस दुसरा. परका शब्द आला तर आपण सावध होतो, अर्थ विचारतो. ओळखीचा शब्द आला की डोळे मिटून दार उघडतो. इथेच फसगत होते.

आणि हा एकच शब्द नाही. वेदना म्हणजे पालीत सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेला अनुभव. मराठीत वेदना फक्त दुखते. ‘सुखद वेदना’ म्हणून बघा, समोरचा तुमच्याकडे कसा बघतो ते कळेल. विपश्यनेच्या शिबिरांत ‘संवेदना’ म्हणतात, ते मला चालतं. विज्ञान म्हणजे तिकडे जाणीव, इकडे सायन्स. मी ‘विज्ञान अनित्य आहे’ म्हटल्यावर एका पॉलिटेक्निकच्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. प्रीती म्हणजे ध्यानात उसळणारा आनंद, इकडे लग्नपत्रिकेतला शब्द. आणि मान! पालीत मान म्हणजे मी-पणा, दुसऱ्याशी स्वतःला तोलत राहणं. मानासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांचा वारसा सांगणारा समाज समोर बसलेला असतो, त्याला तुम्ही ‘मान सोडा’ सांगणार? तिथे गुपचूप ‘अहंकार’ म्हणा.

मग उपेक्खाला काय म्हणायचं? विपश्यनावाले ‘समता’ म्हणतात. चांगला शब्द आहे, पण आमच्या विहारात समता म्हटलं की घटना आणि समता सैनिक दल आठवतं. तेही बरोबरच आहे, फक्त ते दुसरं काम आहे. ‘तटस्थता’ म्हणाल तर बांधावर उभं राहून भांडण बघणारा माणूस दिसतो.

उत्तर त्याच रात्री मिळालं, आणि ते मला शोधावं लागलं नाही याची लाज जास्त वाटली. झोपायच्या आधी आजींनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ काढलं. त्यांना वाचता येत नाही, पण पुस्तक सोबत असतं. ‘दहा पारमिता काढ,’ म्हणाल्या. पारमिता म्हणजे पूर्णत्वाला न्यायचे गुण, उपेक्खा त्यातलाच एक. काढलं. बाबासाहेबांनी तिथे स्वच्छ फरक करून ठेवलाय. उपेक्खा म्हणजे बेपर्वाई नव्हे. फळ मिळो न मिळो, त्यानं विचलित न होता त्यासाठी झटत राहणं म्हणजे उपेक्खा. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आला. आमच्या विहारात त्याचा मराठी अनुवाद दर वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, मोठ्यानं वाचतात. लहानपणापासून मी ते पान किती वेळा ऐकलं असेन! आजींनी ऐकून लक्षात ठेवलं आणि मी तीनशे शब्द पाठ करून विसरले.

दुसऱ्या सकाळी मी भिक्खुणींकडून दोन मिनिटं मागून घेतली आणि आमच्या घोळक्याला सांगितलं की काल माझा शब्द चुकला. मग ते पान वाचलं. पुढच्या रांगेतली एक काकू म्हणाली, ‘म्हणजे केस हरली तरी अपील करायचं, पण जेवण सोडायचं नाही.’ याहून बरं भाषांतर मला आजवर जमलेलं नाही.

तेव्हापासून माझा नियम असा. मोठी संकल्पना आली की आधी पाली शब्दच उच्चारायचा. आपल्या बायकांना वंदना तोंडपाठ असते, पाली त्यांना परकी नाही. मग रोजच्या मराठीत दोन वाक्यं. तयार जोडशब्द शोधायचा नाही. वेळ जातो, हिंदीचा दुभाषी तुमच्या पुढे पळतो, पळू दे. त्याचे शब्द उचलू मात्र नका. हा शॉर्टकट सगळ्यांनाच सुचतो, आणि संस्कृतचे तेच गोड दिसणारे शब्द त्याच्याही तोंडात असतात. मोबाईलच्या भाषांतराबद्दल तर बोलतच नाही. महाबोधी विहाराच्या आवारात मोबाईल नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. मला विचाराल तर बरंच आहे.

याद्या वाटणाऱ्या गुरूंवर माझा राग आहे, तो लपवत नाही. त्यांचं इंग्रजी माझ्याहून कितीतरी चांगलं, पण ते मंचावर माइकशी बसतात, सतरंजीवर बायकांमध्ये बसत नाहीत. ऐकणारीचा चेहरा ज्यानं बघितला नाही, त्याच्याकडून व्याकरण शिका, शब्द नको.

माझा सराव घरी झाला. आई विड्या वळते. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू. पान गुंडाळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचा फेरा द्यायचा, पुढची विडी. डोळे कुठेही असोत, हात चालतात. मी इंग्रजी प्रवचन लावायची, चार वाक्यांनंतर बंद करून तिला मराठीत सांगायची. हात चालू म्हणजे समजतंय. हात मंदावले म्हणजे ऐकावंसं वाटतंय. थांबले आणि तिनं मान वर केली, की माझं काहीतरी चुकलं. दोन महिने हे केलं. कुठल्याही सर्टिफिकेट कोर्सपेक्षा मी हे वर धरते, आणि मी कोर्सही केलाय, पैसे भरून. तुमची आई विड्या वळत नसेल तर भाकऱ्या थापत असेल, भाजी निवडत असेल. हात बघा.

पैशाचं. बहुतेक ठिकाणी याला धम्मसेवा म्हणतात, म्हणजे मानधन नाही. प्रवास, राहणं, जेवण कोण देणार ते निघायच्या आधी विचारा. विचारल्यानं सेवेला बट्टा लागत नाही. एका ठिकाणी मी विचारलं नाही आणि परतीचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढलं, तेही वेटिंगचं. याच्या भरवशावर घर चालेल असं समजू नका. पण पुस्तिका, भाषणं यांची कामं ओळखीतून येतात. मला आली, हळूहळू. पहिल्या वर्षी एकही आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी जीभ अडखळेल, दुसऱ्या दिवशी घसा बसेल. मध-पाणी प्या, आणि रात्री जथ्यात बसून ‘आज काय कळलं नाही?’ असं विचारा. काय कळलं असं विचारू नका. भिडेपोटी सगळ्या ‘कळलं की’ म्हणतात.

संस्कार या शब्दाशी माझी अजून मारामारी चालू आहे. पालीत तो चांगला-वाईट दोन्ही, मनात साठत जाणारा आणि पुढचं कर्म घडवणारा. मराठीत संस्कार नेहमी चांगलेच असतात. आई म्हणते ‘वळण’ म्हण, मनाला लागलेलं वळण, तेही चांगलं-वाईट दोन्ही असतं. विहारात चार-पाच जणींना विचारून बघितलं. दोघींना पटलं, एकीला अजिबात नाही. आजींना अजून विचारायचंय.